तू न लिहिलेला अर्ज

रंगनाथ,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच तो आला. लोक म्हणाले, सुखाने गेला, मनात काही ठेवलं नाही त्याने. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मला मात्र तुझा असा संताप आला की मी तिथून उठून ओढ्याच्या कडेने चालत सुटलो. मनात काही ठेवलं नाही? सहा वर्षं माझ्यापासून एक गोष्ट दडवलीस, ती सांगायची राहिली, असं तुला मरताना एकदाही वाटलं नाही? निदान मला पाच मिनिटं तरी ताटकळत ठेवायला हवं होतं त्या कावळ्याने.

काल तेरावा झाला. पाहुणे गेले, आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसलो आहे. उद्या सकाळी मला जालन्याला निघायचं आहे, तोवर वेळ आहे.

आपण दोघं पिंपळगावचे, एकाच आळीतले. आठव्या वर्षी मामांनी मला त्यांच्या गावी, धाडला नेलं, हद्दीपलीकडे वऱ्हाडात, आणि तिथल्या मराठी शाळेत घातलं. त्याच वर्षी तुझ्या वडिलांनी तुला औरंगाबादला उर्दू शाळेत पाठवलं. मी मराठी चार इयत्ता पास होऊन परत आलो आणि निजामच्या राज्यात अडाणी ठरलो. दहा-बारा ओळींचा सरकारी कागद आला तरी तो उलटा धरलाय की सुलटा, हे मला कळत नव्हतं. तू भोकरदनला कचेरीसमोर चटई टाकून बसलास आणि रयतेचे अर्ज उर्दूत लिहून द्यायला लागलास. लोक तुला अर्जनवीससाहेब म्हणायचे. वर काळी शेरवानी आणि खाली धोतर, अशा अवतारात तू बसायचास. मी चिडवलं की म्हणायचास, वरचा निम्मा सरकारचा, खालचा निम्मा पिंपळगावचा.

तुझ्या चटईशेजारी मी कितीदा येऊन बसलो असेन. शेतकरी यायचा, अर्धा तास आपलं गाऱ्हाणं सांगायचा, मधेच रडायचा, भावाला शिव्या द्यायचा, बांध कुठून कुठे सरकला ते हातवारे करून दाखवायचा. तू सगळं ऐकून घ्यायचास आणि कागदावर चार ओळी लिहायचास. मी विचारायचो, एवढ्या बोलण्याच्या चारच ओळी? तू म्हणायचास, "साहेब यवढंच वाचतो. बाकीचं मी आइकलं ना, त्यानं त्याचं काम झालं." तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटायचं. आता वाटतं, कुणाचं काय ऐकायचं आणि त्यातलं काय लिहायचं, हे परस्पर ठरवायची सवय तुला तिथेच लागली.

धाडच्या बाजारातून मी पलीकडची वर्तमानपत्रं आणायचो, गुळाच्या ढेपेला गुंडाळून, नाक्यावर कुणाला दिसू नयेत म्हणून. त्यात यायचं की एका भाषेची माणसं एका प्रांतात असावीत. मला ते इतकं उघड वाटायचं की त्यावर वाद घालणाऱ्या माणसाची कीव यायची. हद्दीच्या या बाजूला माझं घर, त्या बाजूला मामाचं, दोन्हीकडे ज्वारीची भाकरी आणि मराठी बोलणं, मग मधे नाका कशाला? तू चिकटलेलं कागदाचं पान गुळावरून सोलत ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "गूळ चांगला है."

मामेभावाच्या लग्नाला तू माझ्याबरोबर धाडला आलास, ते आठवतं? आठवत असणारच. पंगतीत तू वाढप्याला म्हणालास, "जरा पानी जल्दी द्या." तो थांबला, वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "मोगलाईची मंडळी आलीत, यांना उर्दूत वाढा रे." अख्खी पंगत हसली. मीही हसलो. मी हसलो ते तू पाहिलंस. तू पानावरून उठला नाहीस, सगळं नीट जेवलास, वर जिलबी मागून घेतलीस. परत येताना आपण हद्द ओलांडली. मग म्हणालास, "ज्यांच्यात जायचं म्हणून राह्यला, त्यांनी कुठं बसवलं पाह्यलंस का? पार दारापाशी."

मी म्हणालो, एका वाढप्यावरून अख्ख्या वऱ्हाड मुलखाला कशाला धरतोस? तू म्हणालास, "वाढप्याचं न्हाई म्हणून राह्यलो मी." पंगतीत मी हसलो, त्याबद्दल माफी मागायची होती, ती कधी मागितली नाही. आज मागतो. पण बाकीच्याबद्दल मागणार नाही.

आता बाकीचं.

लढाईचे दिवस होते. आपल्या शाळेवर परगावचे एक मास्तर होते. बिचारे सज्जन होते, पण मराठीचं अक्षर त्यांना येत नव्हतं, आणि आपल्या पोरांना उर्दूचं. पोरं घोकंपट्टी करायची आणि घरी येऊन काय शिकलो ते सांगता आलं नाही की रडायची. माझी लेक गोदा त्यातलीच. एके दिवशी मी डोक्यात राख घालून घेतली. तुझ्याकडे आलो आणि म्हणालो, लिही. गावच्या वतीने अर्ज कर. कचेरीचा कारभार मराठीत हवा, जमिनीच्या कागदापासून निकालापर्यंत. आणि राज्यातले मराठी जिल्हे वेगळे काढून पलीकडच्या मराठी मुलखाशी जोडा. एकेक वाक्य मी उभं राहून सांगितलं. तू खाली मान घालून ऐकत होतास.

तू एवढंच म्हणालास, "हे मराठीत लिहिलं तर घेनार न्हाईत."

मराठी हवी, हे उर्दूतच मागायला लागणार होतं. मला त्याचं तेव्हा हसू आलं होतं.

चार दिवसांनी तू कागद घेऊन आलास. मी म्हणालो, वाचून दाखव. तू शाळेच्या ओट्यावर बसलास, कागद गुडघ्यावर ठेवलास आणि उर्दूचं मराठी करत वाचायला लागलास. माझी वाक्यं जशीच्या तशी. कुठे अडखळला नाहीस, कुठे शब्द शोधला नाहीस. "मराठी जिल्हे वेगळे काढून" या ठिकाणी तर तू थांबून माझ्याकडे पाहिलंस आणि ती ओळ परत वाचलीस. तुझं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं. मी बोटाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काय सुंदर लिहितो हा माणूस! मग मी खाली माझी मराठी सही ठोकली, सगळ्यांच्या आधी.

अंगठे घ्यायला मी निघालो तर तू अडवलंस. "तू फिरू नको. तुझ्यावर डोळा है त्यांचा. मी घेतो." आणि दोन दिवस तू गावभर फिरलास. चाळीस अंगठे घेऊन आलास. मला केवढा अभिमान वाटला! आख्खं पिंपळगाव माझ्या मागे उभं राहिलं, असं मला वाटलं.

पुढे दीड वर्षाने शाळेवर मराठीचे मास्तर आले. मी म्हणालो, बघ, मोठं मागितलं म्हणून निदान छोटं तरी मिळालं. त्यावर तू टाक पुसत बसलास. "आसंल, आसंल," म्हणालास. या सहा वर्षांत मी हा अर्ज किती जणांना सांगितला असेल! जालन्याच्या बाजारात सांगितला, धाडला सांगितला. मराठी प्रांत मागणारं आमचं गाव, लढाईच्या दिवसांत, चाळीस अंगठ्यांनिशी! तू शेजारी असलास की पान लावायला घ्यायचास. प्रत्येक वेळी. मला वाटायचं, तुला कौतुक करून घ्यायला संकोच होतो.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामचं राज्य गेलं. मी पेढे घेऊन तुझ्याकडे धावलो. तू पेढा घेतलास, पण माझ्याइतका खूश झाला नाहीस. तुझ्या छातीत तेव्हाच कफ भरलेला होता. दिवाळीनंतर एका दुपारी तुझ्या ओट्यावर आपलं शेवटचं भांडण झालं. ते मी इथे लिहून ठेवतो, कारण ते ऐकणारे आपण दोघंच होतो आणि आता मी एकटा उरलोय.

तू म्हणालास, "निजाम गेला, बरं झालं. पन हैद्राबाद मोडायचं म्हणतूस. तेलंगी तिकडं, कानडी तिकडं, आपुन इकडं. मंग भोकरदनच्या कचेरीत कोन येऊन बसंल?"

"मराठी माणूस बसंल."

"कुठला मराठी? पुन्याकडचा. त्याला आपल्या सखारामआबाचं मराठी बराबर कळंल का? आज मी उर्दूत लिहून राह्यलो, उद्या पुन्याच्या मराठीत लिहीन. आबा तवाबी माझ्या चटईम्होरंच उभा."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही नाही. उत्तर नसलं की मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, "तुला आबाचं न्हाई, चटईचं पडलंय. उर्दू गेली की चटई गेली, म्हणून सुचून राह्यलं हे तुला."

तू बराच वेळ खोकलास. मग म्हणालास, "मंग तसंच समज." आणि उठून आत गेलास.

मी आठ दिवस तुझ्या दारात आलो नाही. वीस पावलांवर घर तुझं. तू आजारी आहेस हे माहीत असून आलो नाही. म्हटलं, आधी त्याने यावं. नवव्या दिवशी सकाळी वहिनींचा भाऊ बोलवायला आला, तेव्हा तुला बोलता येत नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्यात काय होतं ते मला कळलं नाही, आणि मी त्याचा सोयीचा अर्थ लावणार नाही.

जालन्याची सभा आधीच ठरलेली होती. मराठी जिल्ह्यांचं पुढे काय करायचं, यावर गावोगावची माणसं बोलणार आहेत. मी त्यांना कधीच कबूल करून बसलो होतो की पिंपळगावच्या अर्जाची नक्कल आणून दाखवतो. तू प्रत्येक अर्जाचा मसुदा जपून ठेवायचास हे मला माहीत होतं. पाचव्या दिवशी वहिनींकडे मागितला. त्यांनी पेटी उघडून गठ्ठा पुढे ठेवला. माझी सही बघून कागद ओळखायचा म्हटलं तर मसुद्यावर सह्या कुठून असणार? पण वर कोपऱ्यात तू मराठीत लिहिलं होतंस, माणिकचा अर्ज.

तो घेऊन मी हसनाबादला करीम मास्तरांकडे गेलो. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, तुझे स्नेही. फौज आल्यापासून ते घराबाहेर फारसे पडत नाहीत. रझाकारांवरचा राग दिसेल त्या मुसलमानावर निघतोय, ते तुला सांगायला नको. त्यांनी चष्मा लावला, एकदा वाचलं, परत वाचलं.

"माणिकराव, तुम्ही सांगून राह्यले तसं यात कायच न्हाई."

मग त्यांनी मोठ्याने वाचून अर्थ सांगितला. आम्ही पिंपळगावची रयत हात जोडून अर्ज करतो की गावच्या शाळेला मराठी जाणणारा एक मास्तर मिळावा. मुलं हुशार आहेत. मास्तर काय म्हणतात ते मुलांना कळत नाही आणि मुलं काय म्हणतात ते मास्तरांना कळत नाही, यात दोघांचाही कसूर नाही. मेहरबानी झाली तर रयत सरकारला दुवा देईल. बस. प्रांत नाही, जिल्हे नाहीत, कचेरी नाही.

मी म्हणालो, दुसरा कागद असेल. ते म्हणाले, तारीख तीच आहे, आणि वर तुमचं नाव आहे.

रंग्या, मला लाज वाटली त्यापेक्षा राग जास्त आला. ओट्यावर बसून तू जे वाचलंस ते कागदावर नव्हतंच! माझी वाक्यं तू चार दिवसांत पाठ केली होतीस. पाठ करायला लागणारी मेहनत घेतलीस, ओळ परत वाचायचं नाटक केलंस, आणि मी मूर्खासारखा तुझ्या बोटाकडे बघत राहिलो. मराठीसाठी जीव टाकणारा मी, मला न वाचता येणाऱ्या कागदावर छाती पुढे काढून सही करून मोकळा झालो.

मला कळतं रे, तू हे का केलंस. माझा मजकूर गेला असता तर सगळ्यात आधी मला नेलं असतं, आणि मागोमाग त्या चाळीस जणांना. गेल्या वर्षी मुलखात रझाकारांचं जे चाललं होतं, त्यात कुणाच्या हाती तो कागद लागता तर पिंपळगाव शिल्लक राहिलं नसतं. हे मी मान्य करतो. माझी गोदा आज मला पेपर वाचून दाखवते, ती तुझ्या चार ओळींमुळे. माझ्या अर्जाने तिला काही मिळालं नसतं, बापही उरला नसता. तुझे पाय धरावेत असं वाटतं. पण धरायला गेलो असतो तर आधी एक थोबाडीत दिली असती. वाचव ना बाबा, पण विचारून वाचव. "माणिक, असं लिहिलं तर मरशील," एवढं म्हणायला काय झालं होतं? मी ऐकलं नसतं म्हणतोस? नसतं ऐकलं. पण माझ्या नावाचा कागद होता तो.

सभेत खोटं सांगायचं नाही, एवढं मी ठरवलं. जुना अर्ज नाही तर नवा न्यायचा. आता भीती कुणाची? बाराव्या दिवशी सकाळी मी स्वतः मराठीत लिहिला, मला हवा तसा, आणि शाळेच्या ओट्यावर बसून माणसं बोलावली. पहिले सखारामआबा आले. आल्या आल्या अंगठा पुढे केला. मी म्हणालो, आबा, थांबा. आधी वाचून दाखवतो. मागच्या वेळी रंगनाथने तुम्हालाही फसवलं, मलाही.

आबा म्हणाले, "आमाला कुठं फसवलं? घरोघर येऊन सांगून गेल्ता तो. मास्तर मागून राह्यलो म्हन्ला, दुसरं काय न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, सगळ्यांना सांगितलं?

"सगळ्यांना. म्हन्ला, माणिकला सांगू नका, त्याचं मन मोडंल."

सहा वर्षं, रंगनाथ. चाळीस घरं. मी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांनाच सांगत होतो की तुम्ही मराठी प्रांत मागितला, आणि ते माना डोलावत होते. एकाही माणसाच्या तोंडून निघालं नाही. बायकांनाही माहीत होतं. गावाने माझं मन जपलं, आणि मी त्याला माझा पाठिंबा समजलो.

मी आबांवरच ओरडलो. म्हणालो, म्हणजे तुम्हाला आपलं राज्य नको होतं?

आबा शांतपणे म्हणाले, "आमाला कोनं इचारलं? तू त्याला सांगितलं, त्यानं आमाला सांगितलं. इचारलं कुनीच न्हाई. आता इचारून राह्यला असशील तर बस, बोलू."

मग मी विचारलं. दिवस मावळेपर्यंत विचारत होतो. कुणी म्हणालं, आत्ताच एक राज्य गेलं, ते तरी पचू दे. कुणी म्हणालं, मुंबई लांब आहे, तिथे आपल्याला कोण ओळखतं? कुणी तुझंच बोललं, पुण्याचा साहेब आपल्याला हसेल. मी चिडलो, समजावलं, परत चिडलो. दोनदा कागद फाडायला निघालो. शेवटी आबांनी सांगितलं म्हणून एक ओळ वाढवली, की साहेब आमच्याच मुलखातला हवा. मग आबांनी अंगठा दिला. संध्याकाळी हसनाबादहून करीम मास्तर आले, कुणी न बोलावता. त्यांनी विचारलं, "आम्हालाबी धराल ना तुमच्यात?" मी हो म्हणालो. माझ्या एकट्याच्या हो म्हणण्याला किती किंमत आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी त्यांनी मजकूर सावकाश वाचला आणि खाली उर्दूत सही केली.

सह्या आणि अंगठे मिळून अकरा झाले. चाळीस नाहीत, अकरा. सभेत कुणी विचारलं तर सांगेन की पिंपळगाव एवढंच तयार आहे, बाकीचे अजून विचार करतायत, आणि त्यांचा विचार चुकीचा आहे असं मला वाटत असलं तरी तो त्यांचा आहे. हे सांगताना मला किती जड जाईल ते तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही.

रात्रीपासून एकच गोष्ट टोचते आहे. पंधरा वर्षं मी तुला या प्रांताबद्दल सांगत आलो. गुळावरचे कागद वाचून दाखवले, भांडलो, चटईवरून बोललो. लोकांना सांगताना "मी आणि रंगनाथ" असंच म्हणत आलो. तू बाजूचा की विरुद्ध, भित्रा की शहाणा, हे सगळं मी माझं मी ठरवलं. परवा त्या ओट्यावर मी गावातल्या झाडून सगळ्या माणसांना विचारलं, तुला काय हवंय ते सांग.

तुला कधी विचारलं नाही, रंगा.

तुझा,
माणिक